आईचे माहेर परराज्यात कसे गेले?

गेल्या वर्षी माझ्या आईच्या एका कागदासाठी मी तिला घेऊन एका कचेरीत गेलो होतो. कचेरी कोणती, ते सांगण्यात अर्थ नाही. खिडकीपलीकडच्या गृहस्थांनी आईचा जन्माचा दाखला उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाले, "मावशी, तुम्ही परप्रांतातल्या. इथला पुरावा आणा." आई काही बोलली नाही. पन्नास वर्षांपूर्वी ती लग्न होऊन या जिल्ह्यात आली, इथल्या चिखलात तिने धानाची रोवणी केली, इथेच आम्हां तीन भावंडांना वाढविले. घरी परत येईपर्यंत ती गप्पच होती. उंबऱ्याशी चपला काढताना एवढेच म्हणाली, "माझं माहेर कधी परकं झालं रे?"

प्रश्न साधा होता, पण मला उत्तर देता आले नाही. मी चार कादंबऱ्या लिहिल्या आहेत आणि खेड्यातल्या एका शाळेत मुलांना इतिहास शिकवितो. शिक्षण म्हणाल तर दहावीपर्यंतचे. तरीही शिकविणाऱ्याला स्वतःच्या आईच्या माहेराचा इतिहास ठाऊक नसावा याची लाज वाटली. तेव्हापासून जे जमविले, ते या दिवाळीत वाचकांपुढे ठेवतो आहे. कादंबरीकाराला खोटे बोलण्याची सवय असते. पण या लेखात तिला थारा दिलेला नाही.

आमचे गाव भंडारा जिल्ह्यात, तुमसरजवळ. आईचे माहेर बैहरला, बालाघाटच्या डोंगरावर. लहानपणी उन्हाळ्याची सुटी लागली की आम्ही मामाकडे निघत असू. आमच्याकडे मे महिन्यात जमीन तव्यासारखी तापते. नवतपा सुरू झाला की दुपारी कुत्रेसुद्धा मोरीच्या ओलीत जाऊन बसते. त्यामुळे कोकणातल्या मुलांना समुद्राचे जेवढे अप्रूप नसेल, तेवढे आम्हांला डोंगराचे होते.

तुमसर रोडवरून मोठ्या गाडीने गोंदिया. गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यातच होते. वेगळा जिल्हा झाला तो १ मे १९९९ रोजी. गोंदियाला उतरले की सामान डोक्यावर घेऊन धाकट्या गाडीकडे पळायचे. 'छोटी लाईन' हे तिचे घरगुती नाव. रुळांमधले अंतर अवघे अडीच फूट. समोरासमोर बसलेल्या माणसांचे गुडघे एकमेकांना लागत, आणि बिरसोला येईपर्यंत कोण कोणाचा सोयरा हे निघालेच म्हणून समजा. बाघ नदीचा पूल आला की बाबा म्हणत, "चला, मध्यप्रदेश आला." आम्ही खिडकीतून डोकावून पाहत असू. अलीकडे पळस, पलीकडेही पळस. अलीकडे धानाच्या बांध्या, पलीकडेही तशाच. मध्यप्रदेश कुठून सुरू झाला ते मला कधीच दिसले नाही.

बालाघाटहून पुढे बस. भरवेलीच्या मँगेनीजच्या खाणी मागे पडल्या की घाट लागे. साल आणि बांबूंच्या सावलीतून बस चढू लागली म्हणजे आई खिडकीची काच सरकवी आणि डोळे मिटून वारा घेई. वर आजी ओसरीतच उभी असायची. "आला का रे बाप्पा!" म्हणून सगळ्यांच्या तोंडावरून हात फिरवायची. तिथे रात्री अंगावर गोधडी घ्यावी लागे, याचे आम्हांला केवढे नवल! दिवसा चाराची आणि टेंभराची फळे वेचायची, तेंदूपत्त्याचे पुडे बांधणाऱ्या बायकांत जाऊन बसायचे, संध्याकाळी मामाजींकडून कान्ह्याच्या वाघाच्या गोष्टी ऐकायच्या. कान्हा तिथून जवळच. ते राष्ट्रीय उद्यान झाले १९५५ मध्ये. म्हणजे मामाजी आणि वाघ हे बालपणापासूनचे शेजारी.

पण आमची सोयरीक या डोंगरावर पोहोचली कशी? आम्ही पोवार. आमच्यातली परंपरा सांगते, की आमचे पूर्वज माळव्यातून, धारेकडून आले. रामटेकजवळ नगरधनला त्यांनी प्रथम वस्ती केली. पुढे नागपूरकर भोसल्यांच्या कटकच्या स्वारीत त्यांनी चाकरी केली आणि तिच्या मोबदल्यात वैनगंगेच्या खोऱ्यातल्या पडीक, जंगली जमिनी त्यांना मिळाल्या. त्यांनी तलवारी ठेवल्या आणि बांध घातले. पाणी अडवून धान पिकविण्यात हा समाज तरबेज म्हणून इंग्रजांच्या गॅझेटियरांतही त्याची नोंद झाली.

भोसल्यांचे राज्य १८५४ मध्ये इंग्रजांनी खालसा केले. १८६१ मध्ये मध्यप्रांत निर्माण झाला, आणि १८६७ मध्ये भंडारा, मंडला व सिवनी या तीन जिल्ह्यांचे तुकडे जोडून बालाघाट हा नवा जिल्हा तयार करण्यात आला. नावातच त्याचा हेतू आहे: घाटाच्या वरचा प्रदेश. वरचे पठार तेव्हा बहुतेक ओसाड रान होते. परसवाड्याच्या पठारावरची पहिली गावे लछमन नाईक नावाच्या पोवाराने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात वसविली. पुढे कर्नल ब्लूमफील्ड या इंग्रज अधिकाऱ्याने बैहरकडे खालच्या मैदानातले पोवार शेतकरी नेऊन वसविण्यास उत्तेजन दिले. बैलगाड्यांत बी-बियाणे, नांगर आणि पोरेबाळे घालून माणसे घाट चढली. ती परप्रांतात गेली नव्हती. शेजारच्या जिल्ह्यात, नव्या शेतावर गेली होती. अर्थात तिथे गोंड आणि बैगा त्यांच्या आधीपासून होते. रान ओसाड होते ते महसुलाच्या वहीत. हेही मुलांना सांगितले पाहिजे.

मग आली रेल्वे. १८९६-९७ आणि १८९९-१९०० अशा दोन दुष्काळांनी मध्यप्रांत होरपळून निघाला. त्यांच्या पाठोपाठ, विसाव्या शतकाच्या पहिल्या काही वर्षांत, बंगाल-नागपूर रेल्वेने गोंदियाहून बालाघाट, नैनपूर करीत जबलपुरापर्यंत सातपुडा ओलांडून ही छोटी लाईन नेली. या गाडीने लाकूड नेले, धान नेले. पण आमच्या हिशेबी तिचे मोठे काम म्हणजे तिने लेकी नेल्या-आणल्या. डोंगरावरची मुलगी खाली द्यायची आणि खालची वर, हे तिच्यामुळे सोपे झाले.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. २६ जानेवारी १९५० रोजी राज्यघटना अमलात आली, आणि मध्यप्रांत-वऱ्हाडचे नाव झाले मध्यप्रदेश. त्या मध्यप्रदेशाची राजधानी नागपूर. भंडारा त्याच राज्यात आणि बालाघाटही त्याच राज्यात. फाजल अली यांच्या राज्य पुनर्रचना आयोगाने १९५५ च्या अहवालात विदर्भाचे वेगळे राज्य करावे असे सुचविले. ते झाले नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नागपूर, भंडारा, चांदा, वर्धा, अमरावती, अकोला, यवतमाळ आणि बुलढाणा हे आठ जिल्हे द्वैभाषिक मुंबई राज्यात गेले. बालाघाट हिंदी भाषेच्या बाजूचे म्हणून मध्यप्रदेशातच राहिले. राजधानी गेली भोपाळला, हायकोर्ट जबलपूरला. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र झाला. रेघ कुठेतरी ओढायलाच हवी होती, हे मला मान्य आहे. कोणावर माझा रोष नाही. पण रेघ जिथे ओढली गेली, तिथे मधोमध आमचे घर होते.

तिचा परिणाम हळूहळू दिसला. आजोबा अडल्यानडल्या कामासाठी नागपूरला जात. नंतर त्यांचे नागपूर सुटले. आईची धाकटी भावंडे हिंदीत शिकली. आई मामाजींना मराठीत पत्र लिही आणि मामाजी तिला हिंदीत उत्तर पाठवीत. लिपी एकच, त्यामुळे दोघांचेही अडले नाही. आणि भेट झाली की मराठीही गेली, हिंदीही गेली. दोघे बहीण-भाऊ आपले पोवारीत बोलत.

हे सगळे वाचून झाल्यावर मी घरातली पत्र्याची पेटी उघडली. आईचा जन्म १९५४ चा. गाव बैहर, राज्य मध्यप्रदेश. त्याखालीच बाबांचा जुना दाखला होता. जन्म १९५१, जिल्हा भंडारा, मध्यप्रदेश! मी तो कागद दोनदा वाचला. माझे बाबा ज्या राज्यात जन्मले, त्याच राज्यात आई जन्मली. आई परप्रांतातली असेल, तर आमच्या जिल्ह्यातला १९५६ पूर्वी जन्मलेला प्रत्येक म्हातारा परप्रांतातला ठरतो. माणसे आपापल्या ओसरीत बसलेली होती. प्रांतच त्यांच्या खालून सरकला.

दोन्ही दाखले घेऊन मी पुन्हा त्या खिडकीशी गेलो. गृहस्थ वाईट नव्हते. त्यांनी दोन्ही कागद शेजारी-शेजारी ठेवले, बराच वेळ पाहिले आणि म्हणाले, "गुरुजी, माझ्या वडिलांचा जन्मही त्रेपन्नचा." त्यानंतर दीड महिन्याने कागद मिळाला.

या उन्हाळ्यात आईला आणि मुलांना घेऊन बैहरला गेलो. छोटी लाईन आता नाही. गोंदिया-बालाघाटचे रूळ २००५-०६ च्या सुमारास मोठे झाले. २०१५ मध्ये जबलपूर-नैनपूरची धाकटी गाडीही थांबली. ज्यांना तिचे इंजिन पाहायचे असेल, त्यांनी नागपूरच्या मोतीबागेतल्या संग्रहालयात जावे. आमची गाडी बाघ नदीच्या पुलावरून एवढ्या वेगाने गेली, की मला 'मध्यप्रदेश आला' म्हणायलाही सवड मिळाली नाही. आजी नाही, मामाजी थकले आहेत. पण ओसरी आहे, आणि रात्री गोधडीही लागली.

एका संध्याकाळी धाकट्या मुलीने विचारले, "आजी, वैनगंगा महाराष्ट्राची की मध्यप्रदेशची?" ती उगम पावते सिवनी जिल्ह्यात, मुंडाऱ्याला, बालाघाटवरून उतरून आमच्या भंडाऱ्यात येते, पवनीवरून खाली जाऊन वर्धेला मिळते आणि प्राणहिता होते. किपलिंगने १८९४ च्या आपल्या 'जंगल बुक'मध्ये मोगलीला याच नदीकाठी खेळविले. हे सारे सांगण्यासाठी मी तोंड उघडले होते, पण त्याआधी आईच बोलली.

"ती माहेराहून निघते अन् सासरी येते," आई म्हणाली. "तिला कोणी दाखला मागत नाही."

मामाजी हसले. मामीने चुलीवर चहा ठेवला.