सर्व्हर-निर्मित इनलाइन शैली

संकेतस्थळाच्या पानावरील एखाद्या घटकाचा रंग, रुंदी, स्थान इत्यादी दृश्यगुण सर्व्हरवरील आज्ञावलीने, पान ब्राउझरकडे पाठवण्यापूर्वीच, त्या घटकाच्या 'स्टाइल' या गुणधर्मात लिहिणे, या पद्धतीस सर्व्हर-निर्मित इनलाइन शैली म्हणतात. पीएचपी, जेएसपी, एएसपी डॉट नेट यांसारख्या तंत्रांत ती सर्रास आढळते. 'स्टाइल' हा गुणधर्म डिसेंबर १९९७ मधील एचटीएमएल ४.० या शिफारशीत समाविष्ट होता.

उपयोग

जे मूल्य आधी ठाऊक नसते, तेथेच ही पद्धत शोभते. उदा., निकालाच्या पानावर ५० पैकी ३७ गुण पट्टीने दाखवायचे असल्यास सर्व्हर ७४ टक्के ही रुंदी काढून पट्टीच्या स्टाइलमध्ये लिहितो. मात्र उत्तीर्ण व अनुत्तीर्ण अशा दोनच अवस्था असतील, तर घटकाचा 'क्लास' बदलणे अधिक चांगले. कारण इनलाइन शैली शैलीपत्रकातील साध्या नियमांवर मात करते आणि पुढे ती बदलणे जिकिरीचे होते.

दशांशचिन्हाची चूक

पीएचपी ८.० (२०२०) पूर्वीच्या आवृत्त्यांत अपूर्णांकाचे अक्षररूप स्थानिक मांडणीवर अवलंबून असे. जर्मन मांडणी निवडलेली असल्यास ३३.५ ऐवजी ३३,५ असे उमटे. सीएसएसला स्वल्पविराम दशांशचिन्ह म्हणून मान्य नाही. ब्राउझर ती घोषणा गुपचूप वगळतो, कोणतीही सूचना पानावर दिसत नाही. रुंदी न उरलेला 'डिव्ह' घटक उपलब्ध जागा व्यापतो, म्हणजे ३३.५ टक्के मिळवणाऱ्याची पट्टी काठोकाठ भरलेली दिसते. डॉट नेटमध्ये हाच धोका टाळण्यासाठी रूपांतर करताना 'इन्व्हेरियंट कल्चर' नमूद करतात.

सुरक्षितता

वापरकर्त्याने निवडलेला रंग जसाच्या तसा छापणे धोक्याचे असते. पीएचपीतील 'एचटीएमएलस्पेशलचार्स' हे फलन अवतरणचिन्हे निष्प्रभ करते, पण अर्धविराम तसाच सोडते. त्यामुळे रंगापाठोपाठ आणखी घोषणा घुसवून संपूर्ण पान झाकणारा घटक निर्माण करता येतो. म्हणून रंग ठरावीक यादीतलाच आहे का, आणि संख्या खरोखर संख्याच आहे का, हे सर्व्हरवर तपासावे लागते; ब्राउझरमधील तपासणी पुरेशी नसते. 'कंटेंट सिक्युरिटी पॉलिसी' कडक असल्यास ब्राउझर स्टाइल गुणधर्म लागूच करत नाही. 'नॉन्स' हा एकवेळचा परवाना 'स्टाइल' टॅगला चालतो, गुणधर्माला नाही.