शाळेत कृत्रिम बुद्धिमत्ता : बेंगळुरूहून दिसणारा इतिहास

तुमच्यापैकी काही जणांनी शाळेत ‘४१७’ हा विषय घेतला असेल. सीबीएसईने २०१९-२० पासून नववीत कृत्रिम बुद्धिमत्ता हा ऐच्छिक विषय आणला, त्याचा हा क्रमांक. नंतर तो अकरावी-बारावीतही आला, २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात त्याचा उल्लेख झाला आणि २०२५ मध्ये केंद्र सरकारने जाहीर केले की २०२६-२७ पासून तिसरीपासूनच ही ओळख करून द्यायची. एवढेच वाचले तर गोष्ट कालपरवाची वाटते. ती बरीच जुनी आहे. आपण एकच प्रश्न हातात धरून मागे जाऊ : शाळेत नवे यंत्र आले, तेव्हा ते शिकवायला फळ्याजवळ उभे कोण होते?

सुरुवात अमेरिकेतून करावी लागते. १९६७ मध्ये वॉली फ्यूरझाइग, सिमोर पॅपर्ट आणि सिंथिया सॉलोमन यांनी मुलांसाठी ‘लोगो’ ही संगणकभाषा तयार केली. पॅपर्ट हे जिनिव्हात ज्याँ पियाजे यांच्याबरोबर काम करून आलेले गणिती. एमआयटीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत ते मार्विन मिन्स्की यांचे सहकारी. म्हणजे मुलांच्या हाती संगणक द्यावा, ही कल्पनाच या विषयात काम करणाऱ्यांची. लोगोत एक ‘कासव’ असते. शंभर पावले पुढे, नव्वद अंश उजवीकडे, असे चार वेळा सांगितले की चौकोन होतो. त्रिकोणासाठी मूल हमखास साठ अंश सांगते आणि पडद्यावर अर्धा षट्कोन उमटतो. मग ते स्वतः उठून जमिनीवर चालून पाहते आणि त्याच्या लक्षात येते की वळायचे ते बाहेरच्या कोनातून, एकशेवीस अंशांनी. पॅपर्टना ही चूकच हवी होती. मूल यंत्राला शिकवते, आणि शिकवताना आपण कसा विचार करतो हे त्याला कळते.

आपल्याकडे याच्या जवळ जाणारे एक नाव आहे, आर. नरसिंहन. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ‘टिफ्रॅक’ हा संगणक ज्यांनी उभा केला, त्या गटाचे ते प्रमुख. १९६० मध्ये तो चालू झाला. पुढे काही वर्षे ते अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात होते. तिथे अणुकणांच्या छायाचित्रांतले आकार यंत्राने कसे ओळखावेत यावर त्यांनी काम केले. परत आल्यावर मात्र त्यांचे लक्ष गेले ते लहान मुलाकडे : मूल भाषा शिकते कसे? त्यावर त्यांनी पुस्तके लिहिली. निवृत्तीनंतर ते बेंगळुरूत राहिले आणि २००७ मध्ये तिथेच वारले. आपल्या अभियांत्रिकीच्या अभ्यासक्रमात त्यांचे नाव बहुधा येत नाही, याचे मला वाईट वाटते.

शाळांमध्ये यंत्र आले ते १९८४-८५ मध्ये, ‘क्लास’ या केंद्रीय प्रकल्पातून. सुमारे अडीचशे शाळांत ब्रिटनच्या एकॉर्न कंपनीचे बीबीसी मायक्रो संगणक बसवले गेले. शिक्षकांना शिकवण्याची जबाबदारी आमच्यासारख्या महाविद्यालयांवर आणि संस्थांवर आली. थोड्या दिवसांचे प्रशिक्षण, इंग्रजीतले कार्यक्रम, एका संगणकाभोवती गोळा झालेली पोरे. भौतिकशास्त्राचा किंवा गणिताचा उत्साही शिक्षक असला तर प्रयोगशाळा चालायची. त्याची बदली झाली की यंत्रावर कापड पडायचे. गंमत अशी की १९८६ मध्ये केंद्राने ज्ञानाधारित संगणकप्रणालींचा मोठा संशोधन प्रकल्प सुरू केला आणि बेंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था त्याचे एक केंद्र होती. पण शाळेत बेसिक भाषेच्या ओळी पाठ करणारे मूल आणि तिकडचे संशोधन यांची गाठ पडली नाही.

आता २००१ मध्ये या. कर्नाटकाने ‘माहिती सिंधू’ योजनेतून एक हजार सरकारी माध्यमिक शाळांत संगणक दिले. काम खासगी कंपन्यांना दिले : यंत्रे त्यांची, शिकवणारा त्यांच्या पगारावरचा. शाळेच्या शिक्षकाला या खोलीत फारसे काम नव्हते. जवळजवळ त्याच वेळी केरळने ‘आयटी अॅट स्कूल’ सुरू केले आणि उलटा रस्ता धरला. तिथे शाळेतल्याच शिक्षकांना तयार केले, पाठ्यपुस्तके राज्याने लिहिली आणि पुढे सगळे मुक्त सॉफ्टवेअरवर नेले. बेंगळुरूच्याच ‘आयटी फॉर चेंज’ या संस्थेने दोन्ही पद्धतींची तुलना केली. कंत्राटावर उभ्या असलेल्या व्यवस्थेची मुळे शाळेत रुजत नाहीत, हा तिचा निष्कर्ष.

याच शहरातली दुसरी गोष्ट अझीम प्रेमजी फाउंडेशनची. त्यांनी सुरुवातीच्या वर्षांत अनेक राज्यांच्या सरकारी शाळांसाठी पाठांच्या सीडी तयार केल्या. मुलांना चित्रे आवडली. शिकण्यात अपेक्षेइतका फरक पडला नाही. २०१० मध्ये संस्थेच्या अनुराग बेहार यांनी संगणकाच्या मर्यादांवर उघडपणे लेख लिहिला. स्वतः पैसा आणि वर्षे घातलेल्या कामाबद्दल असे लिहिणारे थोडे असतात. मला विचाराल तर या क्षेत्रात येणाऱ्या प्रत्येकाने तो लेख आधी वाचावा. कर्नाटकानेही पुढे दिशा बदलली. २०११ च्या सुमारास गणित, विज्ञान आणि समाजशास्त्राच्या शिक्षकांनाच संगणक हाताळायला शिकवून, कन्नडमध्ये त्यांनी स्वतः साहित्य तयार करावे असे काम सुरू झाले. आज केरळने २०२४ मध्ये सातवीच्या पुस्तकात चेहऱ्यावरचे भाव ओळखणारा कार्यक्रम मुलांकडून करून घेण्याचा पाठ घातला, तो वीस वर्षांच्या शिक्षक-तयारीच्या जोरावर.

हे सगळे तुम्हाला सांगण्याचे कारण आहे. समाजसेवेच्या गुणांसाठी किंवा हौसेने तुमच्यापैकी बरेच जण जवळच्या शाळेत ‘एआयची कार्यशाळा’ घ्यायला जातात. लॅपटॉप, प्रोजेक्टर, तयार चॅटबॉट. पोरे टाळ्या वाजवतात, फोटो निघतो, तुम्ही परत येता. कंत्राटी शिक्षकाने पाच वर्षांत केले ते तुम्ही एका दुपारी करता, एवढाच फरक.

त्याऐवजी हे करून पाहा. आंब्याची आणि फणसाची प्रत्येकी वीस पाने मुलांनाच आणायला सांगा. आंब्याच्या पानांचे फोटो पांढऱ्या कागदावर काढा, फणसाचे लाल फरशीवर. ब्राउझरमध्ये चालणाऱ्या गूगलच्या ‘टीचेबल मशीन’सारख्या साधनाला ते शिकवा. आता फणसाचे पान पांढऱ्या कागदावर ठेवून विचारा. बहुधा यंत्र त्याला आंबा म्हणेल. ते पान पाहतच नव्हते, कागद पाहत होते. हा आपला अर्धा षट्कोन. इथे घाईने दुरुस्ती करू नका. मुलांना भांडू द्या. बेंगळुरूच्या सरकारी शाळेत ते भांडण कन्नड, उर्दू, तमिळ, तेलुगू अशा चार भाषांत होईल, तुम्हाला निम्मे कळणार नाही, आणि त्याने काही बिघडत नाही. वर्गशिक्षिकेला कळेल.

म्हणून जाण्याच्या आठवडाभर आधी त्या बाईंना भेटा. पानांचा प्रयोग त्यांना करू द्या, तुम्ही शेजारी बसा. वर्गाच्या दिवशी फळ्याजवळ त्या असाव्यात आणि तुम्ही मागच्या बाकावर, चार्जर सांभाळत. आणि पहिल्या भेटीत मुख्याध्यापकांना एक साधी चौकशी करून ठेवा : संगणकाच्या खोलीची किल्ली कोणाकडे असते? शिपाई ती शोधायला निघाले, तर काम कुठून सुरू करायचे हे तुम्हाला तिथेच कळेल.