किडनी बसली, पण पोटाचं काय?

आमच्या गटातल्या एका ताईंनी दोन वर्षांपूर्वी मुलाला आपली किडनी दिली. ऑपरेशन चांगलं झालं. पुढच्या पावसाळ्यात मुलाला जुलाब लागले. गोळ्यांनीच पोट बिघडलं म्हणून घरच्यांनी गोळ्या बंद केल्या, ताकभातावर ठेवलं. पाचव्या दिवशी त्याला संभाजीनगरला ॲडमिट करावं लागलं. घरच्यांचा अंदाज अर्धा खरा होता. कसा, ते समजायला जरा मागे जाऊ.

1954 च्या डिसेंबरात अमेरिकेत बोस्टनला डॉ. जोसेफ मरे यांनी पहिली यशस्वी किडनी बसवली. देणारा-घेणारा अगदी एकसारखे जुळे भाऊ, म्हणून शरीराने ती परकी मानली नाही. पण प्रत्येकाला जुळं कुठून आणायचं? मग 1960 नंतर शरीराचा विरोध दाबणारी औषधं आली, जोडीला भरपूर स्टेरॉइड. आपल्याकडे 1965 ला मुंबईच्या केईएममध्ये प्रयत्न झाला, 1971 ला वेल्लोरला यश आलं.

नवी किडनी ओटीपोटात एका बाजूला बसवतात, जुन्या बहुधा तशाच राहतात. जुनी काढून तिथेच नवी लावतात, असं मलाही वाटायचं! म्हणजे आतड्याला सहसा हात लागत नाही. तरी त्या काळात काही रुग्णांचं मोठं आतडं फुटायचं, आणि लवकर कळायचंच नाही. स्टेरॉइडमुळे ताप चढत नसे, पोट कडक होत नसे, दुखणंही मामुली. पोट उघडेपर्यंत उशीर झालेला असे. कितीतरी जण त्यात गेले. तेव्हापासून अशा रुग्णाचं पोटदुखणं डॉक्टर साधं धरत नाहीत.

पुढे नवी औषधं आली, स्टेरॉइड कमी झालं. 1995 च्या सुमारास आलेली मायकोफेनोलेटची गोळी किडनी टिकवते, पण जुलाब हा तिचा नेहमीचा त्रास. सोबतची टॅक्रोलिमस जुलाबात रक्तात वाढते आणि किडनीलाच त्रास देते. त्यात अंगातलं पाणी गेलेलं. कधी जुलाब गोळीचे नसतात, जंतूंचे असतात, कारण प्रतिकारशक्ती दाबलेली. म्हणून रक्त आणि शौच तपासून डॉक्टरच डोस बदलतात. घरी एकदम बंद केलं, तर शरीर किडनीवरच उलटतं.

त्या मुलाची किडनी वाचली, गोळी बदलली. ताईंनी दवाखान्याचा नंबर चुलीशेजारच्या भिंतीवर लिहून ठेवलाय. यंदाच्या पावसाळ्यात त्यांनी दोनदा फोन केला, दोन्ही वेळा पहिल्याच दिवशी.