चुन्यापासून मिठापर्यंत : पाणी मृदू करण्याचा इतिहास

पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार जास्त असले की साबणाला फेस येत नाही, डाळ लवकर शिजत नाही आणि पाणी तापवायच्या भांड्यात पांढरा थर धरतो. ॲबर्डीनचे रसायनशास्त्राचे प्राध्यापक थॉमस क्लार्क यांनी अशा जड पाण्यावर चुन्याचा उपाय शोधून १८४१ साली त्याचे पेटंट घेतले. चुना मिसळल्यावर पाण्यातील बायकार्बोनेटपासून न विरघळणारे कॅल्शियम कार्बोनेट तयार होऊन तळाशी बसे. पण त्यासाठी मोठे हौद लागत, चुन्याचे प्रमाण वारंवार जुळवावे लागे आणि गाळ उपसावा लागे. जलकेंद्रांना आणि कारखान्यांना हे जमत होते. एकट्यादुकट्या घराला परवडणारे नव्हते.

घरात मावेल असा उपाय शेतीच्या अभ्यासातून निघाला. अमोनियाच्या क्षाराचे द्रावण मातीतून गाळले की अमोनिया मातीत अडकतो, हे इंग्लंडमधील जमीनदार एच. एस. थॉम्पसन यांना आढळले. रसायनतज्ज्ञ जे. टी. वे यांनी १८५०च्या सुमारास त्याचा उलगडा केला : माती अमोनियम धरून ठेवते आणि बदल्यात कॅल्शियम सोडते. ही अदलाबदल उलटवताही येते, हे पुढे जर्मनीत दिसून आले.

विसाव्या शतकाच्या आरंभी बर्लिनचे रॉबर्ट गान्स यांनी याच तत्त्वावर पाणी मृदू करण्यासाठी झिओलाइट नावाचे कृत्रिम द्रव्य वापरले. झिओलाइट कॅल्शियम घेऊन सोडियम देई, क्षमता संपली की मिठाच्या पाण्याने ते पुन्हा कामाला येई. गाळ उरत नसल्याने सारी क्रिया एका बंद टाकीत होऊ लागली. १९३५ मध्ये इंग्लंडमधील ॲडम्स आणि होम्स यांनी हेच काम करणारे कृत्रिम रेझिन बनवले. १९४०च्या दशकात अमेरिकेत डी'ॲलेलिओ यांनी पॉलिस्टायरीनचे रेझिन तयार केले. आजच्या घरगुती सॉफ्टनरमध्ये याच जातीचे मणी असतात.

सॉफ्टनरची जोडणीही या क्रियेवरच ठरते. मुख्य नळावर रेझिनची टाकी बसते, शेजारी मिठाची टाकी असते आणि रेझिन धुऊन निघालेले खारे पाणी सांडपाण्याच्या नळीत सोडावे लागते. दुरुस्तीच्या वेळी पाणी बंद पडू नये म्हणून वळणनळी ठेवतात. बोअरवेलच्या पाण्यावर चालणाऱ्या घरांत हे यंत्र बहुधा गच्चीवरील टाकीच्या आगेमागे जोडतात. मृदू पाण्यात सोडियम वाढत असल्याने पिण्याचा नळ अनेकदा वेगळा काढला जातो. पाण्यातील एकूण क्षार मात्र या यंत्राने कमी होत नाहीत. त्यांचा फक्त प्रकार बदलतो.