ड्यूकचे बूट

गमबूट हा शब्द काही कानाला खानदानी वाटत नाही. तो उच्चारला की डोळ्यांसमोर येतो पालिकेचा कामगार, नाहीतर मासळीबाजारातला बर्फवाला. पण त्याचं कूळ शोधायला जावं, तर आपण थेट एका ड्यूकच्या पायाशी जाऊन पोचतो. विलायतेत या बुटाला आजही ‘वेलिंग्टन’च म्हणतात. लाडानं ‘वेली’.

वॉटर्लूवर नेपोलियनला पाणी पाजणारे हे गृहस्थ त्याआधी नुसते आर्थर वेलस्ली होते आणि आपल्या मराठवाड्यात चिखल तुडवत होते. २३ सप्टेंबर १८०३ रोजी असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी गाठ पडली, तेव्हा मध्ये केळणा नदी. वाटाडे म्हणाले, इथं उतार नाही. साहेबानं पाहिलं तर दोन काठांवर दोन गावं, अगदी समोरासमोर. मग उतार असणारच, असं त्यानं ताडलं, आणि होताच! आपल्या लोकांची नस त्याला बरोब्बर सापडली होती. समोरच्या गावाशी भांडायला तरी माणूस नदी ओलांडतोच की.

पण तेव्हा तो बूट जन्माला यायचा होता. फॅशन होती हेसियन बुटांची. मूळ जर्मनीतल्या हेसचे, गुडघ्यापर्यंत पोचणारे, आणि वर समोर चक्क गोंडा! (त्याआधीच्या शतकांतले घोडेस्वारांचे बूट तर इतके जाड आणि कडक, की घोड्यावरून उतरल्यावर चालायची पंचाईत.) तंग तुमानीवर गोंडा शोभून दिसे. पुढे पाटलोणी आल्या आणि गोंडा आत मावेना. तेव्हा ड्यूकनी लंडनच्या सेंट जेम्स स्ट्रीटवरच्या होबीला फर्मावलं, की गोंडा काढ आणि वासराच्या मऊ कातड्याचे, पायाला बेताचे बसतील असे बूट कर.

हा होबीही नमुनाच. बूट शिवून उरलेल्या वेळात तो धर्मोपदेश करी. १८१३ मध्ये व्हिटोरियाच्या विजयाची बातमी आली, तेव्हा त्यानं म्हणे ऐकवलं, की हे यश माझ्या बुटांचं आणि माझ्या प्रार्थनांचं! आमचा शिंपी अजून एवढ्यावर गेलेला नाही.

रबर आलं ते नंतर. रबर टिकाऊ करण्याच्या युक्तीचं पेटंट गुडइयरनं १८४४ मध्ये घेतलं. हचिन्सन नावाच्या अमेरिकनानं १८५३ मध्ये फ्रान्सात कारखाना काढून लाकडी खडावा घालणाऱ्या शेतकऱ्यांच्या पायांत रबरी बूट चढवले. पहिल्या महायुद्धात खंदकातल्या पाण्यात उभं राहून शिपायांचे पाय सडू लागले, तेव्हा एडिंबरोच्या एकाच कंपनीनं जवळजवळ १२ लाख जोड पुरवले. ड्यूकच्या ऐटीपेक्षा मला हे काम मोठं वाटतं.

मुंबईत रीगलसमोर ड्यूकच्या स्मरणार्थ १८६५ साली बांधलेलं कारंजं आहे. भर पावसात त्याला वळसा घालणाऱ्यांपैकी एकाच्याही पायात मला कधी गमबूट दिसला नाही. सपाता बऱ्या, पाणी येतं तसं जातं. माझ्याकडे मात्र आहे एक जोड. थेंबभर पाणी इकडचं तिकडे होणार नाही, असं दुकानदार म्हणाला होता. ते खरं आहे. वरून शिरलेलं पाणी घरी येऊन बूट उपडा करीपर्यंत जागचं हलत नाही.