कृपा (ख्रिस्ती संकल्पना)

कृपा ही ख्रिस्ती धर्मशास्त्रातील मूलभूत संकल्पना आहे. मनुष्याची पात्रता, जन्म वा पुण्यसंचय न पाहता परमेश्वर त्याच्यावर जे प्रेम करतो व जे तारण देऊ करतो, त्यास कृपा म्हणतात. नव्या करारातील मूळ ग्रीक शब्द 'खारिस' असा आहे.

शास्त्राधार

उत्पत्तीच्या पुस्तकानुसार मनुष्य देवाच्या प्रतिरूपात निर्माण झाला; म्हणून त्याचे मोल कमवावे लागत नाही. इफिसकरांस लिहिलेल्या पत्रात तारण हे कर्माचे फळ नसून देणगी असल्याचे प्रतिपादन आहे. लूककृत शुभवर्तमानातील उधळ्या पुत्राच्या दाखल्यात मुलाने क्षमेचा शब्द उच्चारण्यापूर्वीच पिता धावत जाऊन त्याला मिठी मारतो. कृपा व सत्कर्मे यांच्या संबंधावरून सोळाव्या शतकात पश्चिमी चर्च दुभंगले. १९९९ मध्ये कॅथलिक व लुथरन चर्चनी या प्रश्नावर संयुक्त घोषणापत्र काढले.

पंडिता रमाबाई

देवाचे प्रेम विनाअट आहे हे मान्य करणे आणि ते स्वतःपुरते स्वीकारणे यांतील अंतर मराठी इतिहासात पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांच्या आयुष्यात सर्वांत स्पष्ट दिसते. कोलकात्यात स्त्रियांसमोर व्याख्याने देण्यासाठी धर्मशास्त्रे अभ्यासताना त्यांना ती एरवी परस्परविरोधी वाटली. स्त्रिया, मग त्या कोणत्याही जातीच्या असोत, हीन आहेत या मुद्द्यावर मात्र त्यांचे एकमत दिसले. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या व वाँटेज येथील अँग्लिकन भगिनीसंघात राहिल्या. या संघाने लंडनच्या फुलहॅम भागात चालवलेल्या आश्रमात समाजाने 'पतित' ठरवलेल्या स्त्रियांना आपुलकीने वागवले जाताना त्यांनी पाहिले. हे कशामुळे घडते असे विचारल्यावर एका भगिनीने त्यांना येशू व शोमरोनी स्त्री यांच्या भेटीची कथा सांगितली. रमाबाईंच्या धर्मांतराच्या कारणांत या कथेचे स्थान मोठे आहे. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांचा बाप्तिस्मा झाला.

तरीही त्यांचे समाधान झाले नाही. १९०७ साली प्रसिद्ध झालेल्या इंग्रजी आत्मकथनात त्या सांगतात की, आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त मात्र सापडला नव्हता. बाप्तिस्मा, विधी व मतप्रणाली यांवर त्यांची भिस्त होती; म्हणजे पात्रता सिद्ध करण्याचा जुनाच खटाटोप नव्या नावाने चालू होता, असे म्हणता येईल. बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी, १८९१ च्या सुमारास, विल्यम हॅसलम या धर्मोपदेशकाचे आत्मवृत्त वाचून त्या अंतर्मुख झाल्या आणि तारण विनामूल्य असून आहोत त्या स्थितीत ते घ्यायचे असते, हे त्यांना उमगले. हॅसलम स्वतः अनेक वर्षे धर्मगुरू असूनही हा अनुभव त्यांना उशिराच आला होता.

या अनुभवाचा सार्वजनिक परिणाम वादग्रस्त ठरला. १८८९ मध्ये मुंबईत सुरू होऊन पुढे पुण्यास हलवलेल्या शारदा सदनातून १८९३ मध्ये धर्मांतराच्या शंकेने अनेक पालकांनी मुली काढून घेतल्या. पुढे दौंडजवळील केडगाव येथे मुक्ती मिशन उभे राहिले. दुष्काळात निराधार झालेल्या मुली व विधवा यांच्याबरोबरच, ज्यांना अन्यत्र कोठेही दार उघडे नव्हते अशा 'पतित' स्त्रियांसाठी तेथे वेगळी शाखा होती. तिचे नाव 'कृपा सदन' असे ठेवण्यात आले होते. फुलहॅमचा संस्कार येथे उघड दिसतो.

मराठी भक्तिपरंपरेशी संबंध

'कृपा' हा शब्द मराठीत ख्रिस्ती लेखकांनी घडवलेला नाही. संतवाङ्मयात तो रुळलेलाच होता. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेले कवी नारायण वामन टिळक यांनी आपण तुकारामांच्या सेतूवरून ख्रिस्ताकडे आलो अशी भूमिका मांडली व अभंगरचनेतून ख्रिस्ताला माउली म्हणून आळवले. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी मात्र तब्बल पाच वर्षांनी, १९०० मध्ये, बाप्तिस्मा घेतला. जातिभेद देवाने केला की माणसाने, हा प्रश्न स्वतःशी सोडवल्यावर त्यांची सोवळ्याची बंधने कशी गळून पडली, हे 'स्मृतिचित्रे'त वाचावयास मिळते.

रमाबाईंनी आयुष्याची शेवटची वर्षे हिब्रू व ग्रीक शिकून बायबलचे मराठी भाषांतर करण्यात घालवली. प्रचलित भाषांतर अल्पशिक्षित स्त्रियांना कठीण जाते, असे त्यांचे मत होते. हे भाषांतर त्यांच्या मृत्यूनंतर, १९२४ मध्ये, मुक्ती मिशनच्या छापखान्यातून प्रसिद्ध झाले. त्याची जुळणी व छपाई तेथील स्त्रियांनीच केली.