पुण्याचा दक्षिणा निधी : दान, पारितोषिक आणि परीक्षक

विद्येला द्रव्यसाहाय्य देणाऱ्या कोणत्याही निधीच्या इतिहासात तीन प्रश्न उपस्थित होतात : द्रव्य कोणाचे, ते मिळण्यास पात्र कोण, आणि ती पात्रता ठरविणारा कोण. पहिल्या दोन प्रश्नांची चर्चा पुष्कळ होते. तिसरा बहुधा उपेक्षित राहतो. पुण्याच्या दक्षिणा निधीचा इतिहास या तिसऱ्या प्रश्नाच्या दृष्टीने विशेष उद्बोधक आहे.

श्रावणमासात ब्राह्मणांस दक्षिणा वाटण्याची प्रथा सेनापती दाभाडे यांच्या तळेगावी प्रचलित होती. इ. स. 1731 मध्ये डभोईच्या लढाईत त्र्यंबकराव दाभाडे मारले गेल्यावर पहिल्या बाजीरावाने ती पुण्यास चालू ठेवली. पुढे पर्वतीच्या पायथ्याशी असलेल्या रमण्यात हा समारंभ होऊ लागला. वेदशास्त्रांत परीक्षा देऊन उत्तीर्ण होणाऱ्यांस मोठी रक्कम व इतरांस अल्प रक्कम, असा भेद त्यात होता. म्हणजे विद्वत्तेची कसोटी पेशवाईतही होतीच. मात्र त्या कसोटीस बसण्याचा अधिकार जन्माने ठरत असे.

1818 मध्ये पेशवाई संपुष्टात आली. पुण्यातील ब्राह्मणवर्गाचा असंतोष ओढवून घेणे एल्फिन्स्टनला इष्ट वाटले नाही. म्हणून त्याने दक्षिणा सर्वस्वी बंद केली नाही. तिची रक्कम मर्यादित करून तिचा काही भाग अध्यापनाकडे वळविण्यात आला, आणि 1821 मध्ये विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा सुरू झाली. देवधर्माप्रीत्यर्थ दिलेले द्रव्य अशा रीतीने शिक्षणाच्या खर्चात जमा होऊ लागले. तथापि लाभ घेणारा वर्ग बदलला नाही. नव्या राजवटीने जुन्या दानाचे केवळ रूप पालटले होते.

खरा संघर्ष उद्भवला तो 1849 मध्ये. दक्षिणेचा काही भाग मराठी ग्रंथरचनेस पारितोषिके देण्याकडे लावावा आणि ती कोणत्याही जातीच्या लेखकास खुली असावीत, अशी मागणी लोकहितवादी गोपाळ हरि देशमुख प्रभृती सुधारकांनी सरकारकडे केली. सनातनी पक्षाने तिला कडवा विरोध केला. अर्जदारांच्या संरक्षणार्थ जोतीराव फुले यांनी महार-मांग तरुण उभे केले, असे त्यांचे चरित्रकार नमूद करतात. 1851 मध्ये दक्षिणा प्राइझ कमिटी स्थापन झाली. संस्कृतऐवजी मराठी, पाठांतराऐवजी नवी रचना आणि जातीऐवजी गुण, ही तीन तत्त्वे निदान नियमांत तरी मान्य झाली. जोतीरावांच्या शाळांनाही याच दक्षिणा निधीतून साहाय्य मिळाले. 16 नोव्हेंबर 1852 रोजी विश्रामबागवाड्यात, जेथे एके काळी संस्कृत पाठशाळा भरत असे, तेथेच त्यांचा सरकारतर्फे सत्कार झाला. परिवर्तनाचे याहून बोलके प्रतीक शोधूनही सापडणार नाही.

परंतु याच निधीसंबंधीची दुसरी घटना या चित्रास मर्यादा घालते. 1855 मध्ये जोतीरावांनी ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहून कमिटीपुढे ठेवले. गर्भवती कुणबीण व तिचा नवरा यांना भिक्षुक जोशी ग्रहांची भीती घालून कसा लुबाडतो, हे त्यात दाखविले आहे. अखेरीस ते दांपत्य सावित्रीबाई व जोतीराव यांच्या शाळेत शिकावयास निघते. कमिटीने हे नाटक स्वीकारले नाही. ब्राह्मण सभासदांच्या भिडेपुढे युरोपियन सभासदांचे काही चालले नाही, असे जोतीरावांनी 1873 मध्ये ‘गुलामगिरी’मध्ये लिहिले. हे कथन एका पक्षाचे असून घटनेनंतर अठरा वर्षांनी केलेले आहे, हे इतिहासाभ्यासकाने विसरता कामा नये. तथापि ज्या वर्गाच्या वृत्तीवर नाटकात प्रहार होता, त्याच वर्गाचे प्रतिनिधी परीक्षकांत होते, ही वस्तुस्थिती त्या कथनास बळ देते. हे नाटक छापून प्रसिद्ध व्हावयास 1979 साल उजाडले. पारितोषिक नाकारल्याने केवळ एका लेखकाची हानी झाली असे नव्हे. मराठीतील एक आरंभीचे सामाजिक नाटक सव्वाशे वर्षे वाचकांपासून दूर राहिले.

यावरून दक्षिणा निधीचे कार्य निष्फळ ठरले असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल. याच निधीतील दक्षिणा फेलोशिपच्या आधारे महादेव गोविंद रानडे व रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांच्यासारख्या विद्वानांस अध्ययनाची व अध्यापनाची संधी लाभली. आधुनिक महाराष्ट्राच्या विद्याजीवनावर या साहाय्याचे मोठे ऋण आहे. मात्र ज्यांच्या घरी विद्येची परंपरा होती त्यांनाच या संधीचा लाभ सुलभ होता, हेही तितकेच खरे.

दक्षिणा निधीच्या इतिहासाचे तात्पर्य असे, की द्रव्याचा उद्देश बदलणे तुलनेने सोपे असते. सरकारच्या एका आदेशाने ते साधते. पात्रतेचा नियम बदलण्यास चळवळ लागते. पण निर्णयाचा अधिकार ज्यांच्या हाती एकवटलेला असतो, त्यांच्याकडून तो विस्तृत समाजाकडे जाण्यास याहूनही दीर्घ काळ लागतो. 1851 मध्ये पुण्यात दार उघडले गेले. दारावरचे पहारेकरी मात्र पूर्वीचेच राहिले. शिष्यवृत्ती, अनुदाने आणि पुरस्कार यांचा इतिहास लिहिताना लाभधारकांच्या यादीइतकीच परीक्षकांची यादीही तपासली पाहिजे, ती याचसाठी.